वीस टक्क्यांवर माझी सही

विमलताईंनी लॅबच्या दारातच मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोत त्यांच्या आर्याची मान होती. लालभडक. कानामागे फोड आलेले.

"मॅडम, दोनदा लावलेलं. सकाळी निघताना मी, आणि मधल्या सुट्टीत बाईंनी. आपलंच क्रीम. मीच पॅक केलेलं."

विमलताई आमच्या पॅकिंग सेक्शनला. आर्या त्यांची मुलगी, तिसरीत. तिच्या त्वचेत जन्मापासून रंगद्रव्य जवळजवळ नाही, त्यामुळे तिला ऊन सोसत नाही. पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी आणि सनस्क्रीन, यांशिवाय ती दिवसा घराबाहेर पडत नाही. आदल्या दिवशी शाळेत खेळांच्या स्पर्धा होत्या. टोपी होती, बाह्या होत्या, क्रीमही होतं. तरी पोर भाजली.

मी तेव्हा डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कॉस्मेटिक कारखान्यात क्यूसी केमिस्ट होते. क्यूसी म्हणजे माल तपासून पास किंवा फेल करणारा विभाग. आमचा स्वतःचा ब्रँड नव्हता, आम्ही दुसऱ्यांसाठी माल बनवायचो. हे मुलांचं मिनरल सनस्क्रीन ठाण्याच्या एका बाईंच्या ब्रँडचं. मिनरल म्हणजे त्यात ऊन अडवायचं काम झिंक ऑक्साइडची पांढरी पूड करते. ती त्वचेवरच बसते, सहसा झोंबत नाही. म्हणून लहान मुलांसाठी लोक ते शोधून घेतात. पण पूड पुरेशी हवी. आमच्या लेबलवर छापलेलं होतं वीस टक्के. आणि आर्याची ट्यूब ज्या बॅचची, तिच्या रिलीज पेपरवर, म्हणजे माल बाहेर सोडायच्या कागदावर, सही होती माझी.

प्रत्येक बॅचच्या काही सीलबंद ट्यूब लॅबच्या कपाटात ठेवतात. त्यांना कंट्रोल सॅम्पल म्हणतात. त्यातली एक मी फोडली. परीक्षा सोपी आहे. क्रीम वजन करून भट्टीत जाळायचं. पाणी, तेल, मेण उडून जातं, झिंक उरतं. उरलेलं वजन करायचं.

नऊ टक्के.

वाटलं, माझंच चुकलं. दुसरी ट्यूब घेतली. विमलताईंनी घरून आणलेली अर्धी ट्यूबही जाळली. ॲसिडमध्ये विरघळवून दुसऱ्या पद्धतीने मोजलं. सगळीकडे नऊच्या आसपास.

मग मी पास केलं होतं ते काय? जुनी वही काढली. मी तपासलं होतं ते प्रोडक्शनने बरणीत घालून पाठवलेलं सॅम्पल. नियमाने क्यूसीच्या माणसाने स्वतः जाऊन भरलेल्या ट्यूब उचलायच्या असतात. आमच्याकडे माणसं कमी, कामं जास्त, म्हणून मी बरणीवर भागवायला लागलेले. बरणीतलं वीस टक्के होतं. ट्यूबमधलं नव्हतं. माझ्यासाठी वेगळी बरणी बनवलेली.

निम्मा राग स्वतःवर होता. उरलेला घेऊन मी करंदीकर साहेबांच्या केबिनमध्ये गेले. ते आमचे प्लँट हेड.

"मुलगी किती वेळ उन्हात होती?" आर्याचं सांगितल्यावर त्यांनी आधी हेच विचारलं.

"साहेब, झिंक नऊ टक्के आहे."

त्यांनी उठून केबिनचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "क्लायंट रोज ओरडत होती. क्रीम पांढरं दिसतं, मुलं भुतासारखी दिसतात, रिव्ह्यू खराब येतात. झिंक कमी केलं, तक्रारी बंद झाल्या."

"मग लेबलवर नऊ छापा."

"नऊ छापलं तर घेईल कोण?"

"साहेब, सही माझी आहे त्यावर!"

"तेच सांगतोय," ते शांतपणे म्हणाले. "सही तुमची आहे. तेव्हा आवाज खाली."

पंधरा वर्षं नोकरी केलेली मी. इतका संताप कधी आला नव्हता. त्यांच्या टेबलावर काहीतरी आपटावंसं वाटलं. आपटलं नाही. बाहेर आले आणि तिन्ही ट्यूबचे रिपोर्ट टाइप केले.

दुसऱ्या दिवशी विमलताई एक कागद घेऊन आल्या. एचआरने सही करायला दिलेला. इंग्रजीत लिहिलेलं, की मुलीला त्या दिवशी क्रीम लावायचं राहून गेलं होतं.

"त्यांना वाटलं मला वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "बारावी झालेय मी. पॅकिंगला आहे म्हणून काय अडाणी?"

"सही केलीत?"

"पोरगी रात्रभर पालथी झोपलीय, मॅडम. मी कशाला सही करू?"

तो कागद मी रिपोर्टला जोडला. एक प्रत घेऊन ठाण्याला क्लायंटच्या ऑफिसात गेले, खोपटला. बाई पस्तिशीतल्या. आधी हसून म्हणाल्या, "नवीन बॅच काय मस्त आहे हो, अजिबात पांढरी दिसत नाही." मी रिपोर्ट पुढे ठेवला. वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला.

"मी पांढरेपणा कमी करा म्हटलेलं. झिंक कमी करा नव्हतं म्हटलं."

"झिंकच पांढरं असतं, मॅडम. पूड बारीक करून थोडा फरक पडतो. पण पांढरेपणा एकदम गायब झाला, तर का झाला ते विचारायला हवं होतं."

"माल दुकानांत गेलाय. मला जरा वेळ द्या."

"उन्हाळा वेळ देणार नाही," मी म्हटलं आणि तिथून थेट औषधं आणि कॉस्मेटिक तपासणाऱ्या सरकारी ड्रग इन्स्पेक्टरच्या ऑफिसात जाऊन लेखी तक्रार दिली. त्यात माझी चूकही लिहिली, बरणीतलं सॅम्पल तपासून सही केल्याची. ते लिहिताना सर्वांत जास्त वेळ लागला.

इन्स्पेक्टर आले, ट्यूब सील करून घेऊन गेले. मग बाईंनी बॅच परत मागवली. सरकारी लॅबचा रिपोर्ट यायला काही महिने गेले. फेल. त्या प्रॉडक्टचं काम थोडे दिवस बंद राहिलं, नंतर सुरू झालं. साहेब अजून त्याच खुर्चीत आहेत. माझा राजीनामा तक्रारीच्या आठवड्यातच मागून घेतला. विमलताईंना पॅकिंगवरून काढलं. त्या आता ठाकुर्लीत एका पाळणाघरात काम करतात. आर्याची मान बरी झाली, पण कानामागे डाग राहिलाय.

ओळखीचे लोक मला विचारतात, मुलांसाठी कुठलं घेऊ? मी सांगते, झिंक किती टक्के ते वाचा, बॅच नंबर असल्याशिवाय घेऊ नका, दर दोन तासांनी परत लावा आणि क्रीमच्या भरवशावर टोपी विसरू नका. पण लेबल खरं आहे की खोटं, हे घरी बसून कुणालाच कळत नाही. ते कळायची जागा कारखान्यातच असते.

मी आता शीळफाट्याजवळ दुसऱ्या कंपनीत आहे. प्रत्येक बॅचला स्वतः फिलिंग मशीनपाशी उभी राहते आणि सुरुवातीची, मधली, शेवटची ट्यूब स्वतःच्या हाताने उचलते. प्रोडक्शनवाले म्हणतात, मॅडमचा कुणावर विश्वासच नाही. बरोबर आहे. त्यासाठीच मला पगार मिळतो.