स्पेसबारखालचा तांदूळ

संगीताबाईंनी लॅपटॉप काउंटरवर ठेवला तेव्हा तक्रार एवढीच होती की स्पेसबार दबत नाही. उधव्याजवळच्या एका पाड्यावरच्या शाळेत त्या शिकवतात. तलासरीहून बस पकडून डहाणूला आल्या होत्या आणि परतीची बस चुकू नये म्हणून उभ्या उभ्याच बोलत होत्या. "ललितभाई, फक्त हे बटण. बाकी काही करू नका."

मला कोणी 'बाकी काही करू नका' म्हटलं की माझे हात शिवशिवतात. चौदा वर्षं स्टेशनजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतोय आणि गिऱ्हाइकापेक्षा आपल्याला जास्त कळतं, हा माझा जुना आजार आहे. बटण उचकटलं तर खाली तांदळाचा दाणा. हसलो आणि फेकून दिला. मग पाहिलं तर सात महिन्यांचे अपडेट थकलेले. म्हटलं, बाईंवर उपकार करून टाकू.

अपडेट झाले आणि शेवटी पडदा आला, 'सेटअप पूर्ण करा'. मोठं निळं बटण, आणि खाली बारीक अक्षरांत 'आत्ता नको'. बारीक अक्षरं वाचायला वेळ कोणाला आहे? निळं दाबलं. त्याने खातं मागितलं, मी दुकानाचंच टाकलं. नेक्स्ट, नेक्स्ट, ओके. जाता जाता स्पीकर चालतो का बघायला डेस्कटॉपवरची एक फाइल वाजवली. एक म्हातारी बाई मुरगळलेल्या पायावर कुठली मुळी उगाळून लावायची ते सांगत होती. स्पीकर ठणठणीत होता.

आठ दिवसांनी बाई परत आल्या. या वेळी बसल्या. लॅपटॉप उघडून माझ्याकडे फिरवला.

"माझ्या फोल्डरवर हा ढग कसा आला?"

"फुकट बॅकअप आहे, बाई," मी ऐटीत म्हणालो. "उद्या लॅपटॉप समुद्रात पडला तरी काळजी नाही."

"बॅकअप कुठे? कोणाच्या खात्यात?"

मी तोंड उघडायच्या आत त्यांची नजर माझ्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे गेली. पडद्यावर, माझ्या गाण्यांच्या फोल्डरशेजारी, 'शुक्री आत्या' नावाचं फोल्डर होतं. आठ दिवस ते तिथे होतं आणि मला दिसलंही नव्हतं.

बाई ओरडल्या असत्या तर मीही ओरडलो असतो. पण त्या शांतपणे सांगू लागल्या. शुक्री ही त्यांची सख्खी आत्या. पाड्यावर औषध देते, पैसा घेत नाही. तिच्याकडचा नियम असा की औषधाचं नाव एकाच कानात सांगायचं. दुसऱ्या कानात गेलं की सांगणाऱ्याच्या हातचा गुण उतरतो. आत्याची नजर गेली, आठवणही डळमळू लागली, म्हणून ती भाचीला सगळं सांगायला तयार झाली. एवढ्या मुळ्या एकदम लक्षात कशा राहणार? बाईंनी तिचा आवाज लॅपटॉपमध्ये, आत्याच्या भाषेत पेटीत, भरून ठेवायची परवानगी मागितली. तेव्हा आत्याने त्यांच्या मुठीत तांदूळ दिले, 'हे या पेटीबाहेर जाणार नाही' असं बोलून घेतलं आणि चिमूटभर पेटीवरही टाकले.

मी कचऱ्यात फेकलेला दाणा त्यातलाच होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अपडेटच कायमचे बंद करून टाकतो," मी म्हणालो. चुकलेला माणूस नेहमी मोठा उपाय सांगतो.

"नको. कुडाला भोक पडलं तर लिंपायलाच हवं, नाहीतर चोर शिरेल. पण लिंपायला आलेल्याने घरात डोकावायचं नाही. डोकावायच्या खिडक्या कुठे आहेत, त्या दाखवा. सगळ्या."

त्या दिवशी बाईंनी दोन बस सोडल्या. माझ्या खात्यातून फोल्डर खोडलं, कचरापेटीतूनही खोडलं, खातं लॅपटॉपवरून काढलं. मग त्या एकेक सेटिंग मोठ्याने वाचू लागल्या आणि वहीत उतरवू लागल्या. 'अनुभव सुधारण्यासाठी जादा माहिती पाठवा.' "कोणाचा अनुभव?" त्यांनी विचारलं आणि बंद केलं. आवाजाचे नमुने पाठवायचं बटण बंद. जाहिरातींचं बंद. एकोणीस बटणं भरली. थोडी माहिती तरीही कंपनीकडे जातेच, ती पूर्ण थांबत नाही, हे मी कबूल केलं. गेलेल्यातलं तिकडे काय उरलं असेल, तेही मला छातीठोकपणे सांगता येईना.

"मग आत्याचा आवाज या लॅपटॉपमध्ये राहणारच नाही," बाई म्हणाल्या. "पेन ड्राइव्हवर राहील. तो लावायचा तेव्हा वायफाय बंद." वही मिटून त्यांनी विचारलं, "यातलं कोणी ऐकलं?"

खोटं बोलता आलं असतं. साक्षीदार कोणी नव्हता.

"मी. एक फाइल."

"रविवारी उधव्याला या. हे आत्याला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं."

रविवारी गेलो. शुक्रीबाई अंगणात बसली होती. मी सगळं सांगितलं, निळ्या बटणासकट. तिला बटण कळलं नसावं. मी ऐकलं, हे कळलं.

"काय ऐकलंस?"

मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं. ती काठी टेकत उठली, मला बांधापर्यंत घेऊन गेली आणि चाचपून एक झुडूप दाखवलं.

"त्याचा गुण आता माझ्या हातात नाय. तुझ्या कानात आलं ना, मग तूच द्यायचं. फुकट द्यायचं. नाव कोणाला सांगायचं नाय."

शिव्या खायची तयारी करून गेलो होतो. हे झेपायला जड होतं.

बाईंचा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. "आत्या, बाकीची औषधं सांगशील? का राहू दे?" त्यांनी पेन ड्राइव्ह तिच्या हातात दिला, तो कुठे ठेवणार, कधी लावणार, सगळं समजावलं. म्हातारीने तो बोटांनी नीट चाचपला. "पेटी आण," ती म्हणाली आणि तांदळाचा डबा मागितला. या वेळी चिमूट लॅपटॉपच्या मिटलेल्या झाकणावर पडली.

आता बाई दर दुसऱ्या शनिवारी अपडेट घेतात. त्यानंतर वही उघडून एकोणीसच्या एकोणीस बटणं तपासतात, कारण अपडेट कधीकधी बंद केलेलं बटण गुपचूप चालू करून जातं. मे महिन्यात दोन सापडली. त्यांनी मला फोन करून चांगलं सुनावलं, जणू मीच केली होती. मी ऐकून घेतलं. हल्ली गिऱ्हाइकाने 'फक्त हे बटण' म्हटलं तर मी फक्त ते बटणच करतो.

गेल्या आठवड्यात गंगी नावाची बाई लंगडत दुकानात आली. शुक्रीबाईच्या पाड्यावरची, चिखले गावच्या चिकूवाडीत मजुरीला येते. झाडावरून उतरताना पाय मुरगळला होता आणि शुक्रीबाईने फोनवर माझं दुकान सांगितलं होतं. मी शटर अर्धं ओढलं, माझा आणि तिचा फोन बंद करून ड्रॉवरमध्ये टाकला, काउंटरवरच्या कॉम्प्युटरचा प्लग काढला आणि आत जाऊन मुळी उगाळली.

"काय लावलंत हो, भाई?" लेप बघत तिने विचारलं.

मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही.