समोर गिळायची गोळी

माझी सासू अफू खायची. गिरणीच्या वाइंडिंग खात्यात वर्षानुवर्षं उभं राहून तिची कंबर गेली होती आणि पहिली गोळी तिने दुखण्यावर म्हणूनच घेतली होती, हे मला ठाऊक होतं. तरी मला तिची दया यायची नाही. लालबागला चाळीतल्या एका खोलीत ती, आम्ही नवराबायको आणि आमचा आठ महिन्यांचा मुलगा असे राहत होतो. गिरणीत तिच्याच जागी मी लागले होते. पाळीला जाताना मूल तिच्या हवाली करून जावं लागे.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. अफूची सरकारी दुकानं बंद होत चालली होती, म्हणून यांनी आईचं नाव परळच्या एका दवाखान्यात घातलं. तिथे अफू एकदम तोडत नसत. आठवड्याच्या गोळ्या पुडीत बांधून देत आणि हळूहळू कमी करत. सासूची पुडी पाचव्या दिवशीच संपायची. मग पुढचे दोन दिवस घरात शिव्याशाप.

एकदा मोर्च्यासाठी गिरणी दुपारीच सुटली. मी घरी आले तर मूल निपचित पडलेलं. हलवलं, गालावर टिचक्या मारल्या, तरी डोळे उघडेना.

"काय दिलंत त्याला?"

"मोहरीएवढी दिलंय. रडत होतो."

"अफू? अहो, मरेल तो!"

"माका शिकवतंस? तुझो घोव ह्याच गोळयेर वाढलो."

मी मूल उचललं आणि तशीच परळला धावले. डॉक्टरांनी त्याला संध्याकाळपर्यंत जागं ठेवलं, तेव्हा कुठे तो रडला.  मग मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. पुड्या कशा संपतात तेही.

डॉक्टरांनी पुडी बंद केली. "आता रोज यायचं," ते सासूला म्हणाले. "गोळी इथे, सिस्टरसमोर गिळायची. सोबत घरचं माणूस हवं."

यांची पाळी संपली की हे मोर्च्याला, सभेला. घरचं माणूस म्हणजे मीच. पाळी सुटली की शेजारणीकडे ठेवलेलं मूल कडेवर घ्यायचं आणि सासूला घेऊन चालत परळला जायचं. ती माझ्या पुढे चालायची. मी जवळ आले की थुंकायची. दवाखान्यात सिस्टर गोळी आणि पाण्याचा पेला द्यायची, मग म्हणायची, "आ करा. जीभ वर." बाकावरची माणसं बघत असत. सासूचे कान लाल व्हायचे. मीही बघायचे, आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

महिनाभरात गोळी लहान झाली. पुडीवर जे जमलं नव्हतं ते रोजच्या जाण्याने जमू लागलं होतं.

मग हरताळ पडला. नाक्यावर पोलिसांच्या गाड्या उभ्या होत्या, रस्त्यात दगड पडलेले. चाळींच्या मागच्या गल्ल्यांतून परळला जाता येत होतं. चार वाजता सासू लुगडं नीट करून दारात उभी राहिली. "चल गो."

"थांबा, बघून येते," म्हणून मी खाली उतरले. चाळीच्या फाटकाशी थोडा वेळ उभी राहिले आणि परत वर आले. म्हटलं, "दवाखाना बंद आहे."

संध्याकाळपासून तिला जांभया सुरू झाल्या. नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, अंगावर काटा. ती पाय झाडत होती, देवाचं नाव घेत होती, मध्येच मला शिव्या देत होती. मी मुलाला मांडीवर घेऊन बसले होते. उठले नाही.

दुसऱ्या दिवशी यांच्या खांद्यावर हात टाकून ती दवाखान्यात आली. मी मागे होते. सिस्टर मलाच म्हणाली, "काल का नाही आणलंत? आम्ही होतो की. तुमच्या लालबागची माणसं आली चालत."

सासूने मान वळवली. "दवाखानो बंद होतो मां गो?"

हे माझ्याकडे बघत राहिले. 

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. "बाई, रोज यायला लावलं ती शिक्षा नव्हती. ते औषध होतं."

"तिने माझ्या लेकराला अफू चारली," मी म्हटलं.

"म्हणूनच तर रोज बोलावलं."

बाहेर सासू सिस्टरला ठणकावून सांगत होती, "उद्यापासून हिका माझ्याबरोबर धाडू नका. हिच्याशिवाय सोडून दाखवतंय."

त्यानंतर डॉक्टरांच्या परवानगीने शेजारीण तिच्याबरोबर जाऊ लागली. एक दिवस चुकला नाही. पुढे पुढे सिस्टरने सांगायच्या आधीच ती आ करून जीभ उचलायची, असं शेजारीण सांगे. कित्येक महिन्यांनी एका संध्याकाळी ती परत आली आणि यांना म्हणाली, "आज संपली." माझ्याकडे तिने पाहिलंही नाही. माझ्यावरच्या रागानेच ती सुटली, असं चाळीत म्हणत. मला ते खरं वाटतं.

माझ्या हातचं मात्र तिने पुन्हा खाल्लं नाही. खोलीच्या कोपऱ्यात वेगळी शेगडी मांडली आणि आपली पेज आपणच शिजवू लागली. मीही मूल तिच्या मांडीवर कधी दिलं नाही. तिनेही मागितलं नाही. राज्य झालं त्या दिवशी चाळीत पेढे वाटायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांनी घेतले. सासूपुढे ताट धरलं तर ती उठली, शेजारणीच्या दारात गेली आणि तिच्या हातातला अर्धा पेढा मागून घेतला.