आत्याच्या दारावरून

बेटावरच्या सुवा शहरात वासितीला रस्ता विचारू नये. ती रस्ता सांगत नाही, बरोबर येते. आणि एकदा बरोबर आली की वाटेत चार ठिकाणी खाऊ घातल्याशिवाय सोडत नाही. तिचा धंदा सुरू झाला तोच असा. नर्सबायांच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर बंद पडलं, तिने अर्धं आयुष्य ढवळलेली पातेली कुणीतरी टेम्पोत घालून नेली, आणि आता पुढे काय म्हणून ती बाजाराच्या पायऱ्यांवर बसली होती. तेवढ्यात एका गोऱ्या बाईने तिला संग्रहालय कुठे आहे ते विचारलं. दोघी संग्रहालयाशी पोचल्या तेव्हा ते बंद व्हायची वेळ झाली होती. बाई मात्र तृप्त होती. तिने वासितीच्या हातात नोट ठेवली आणि विचारलं, "उद्या माझ्या बहिणीला घेऊन येऊ?"

तेव्हापासून दर शनिवारी सकाळी बाजाराच्या दारात एक जांभळी छत्री दिसते. छत्रीखाली वासिती. अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली, कानामागे फूल. भोवती जहाजातून उतरलेले, उन्हाने लाल झालेले पाहुणे. शहरात माहितीपत्रकं वाटत पाहुण्यांना फिरवणारे इतर लोक आहेत; त्यांना साल आणि सनावळ्या पाठ. वासितीच्या इतिहासात गव्हर्नर एकदाच येतो, तोही भुकेला. बाकी सगळा इतिहास ती ताटावर सांगते. कोणती पोळी कुठल्या गलबतातून आली, कोणता नूडल कुणाच्या आजोबाने आणला, आणि आमचं अळू या सगळ्यांच्या आधीपासून कसं इथेच चिखलात उभं आहे. मी पुष्कळ शहाणी माणसं ऐकली आहेत, पण तिच्यासारखं पोटातून डोक्यात शिरणं कुणाला जमलेलं पाहिलं नाही.

तिचे नियम कडक. वस्तीत शिरताना टोपी आणि काळा चष्मा काढायचा. बसलेल्या माणसाच्या मागून जाताना वाकून, "तिलोउ", म्हणजे माफ करा, असं म्हणून जायचं. कुणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, अगदी गोड पोर असलं तरी. आणि बाजार फुकटात पाहायचा नाही. म्हणजे पैसे द्यायचे असं नव्हे. बाजारातून निघताना प्रत्येक पाहुण्याने कुठल्या ना कुठल्या म्हातारीचं ओझं उचलून बस थांब्यापर्यंत पोचवायचं. डॉक्टर असो, बँकेचा साहेब असो, खांद्यावर कसाव्याच्या कंदांची मोळी आलीच. सुरुवातीला बाजारातल्या बाया या मिरवणुकीकडे नाक मुरडून बघायच्या. मग मोळ्या वाहणारे साहेब दिसायला लागले आणि बाया शनिवारची वाट बघायला लागल्या.

त्यातल्या मासळीवाल्या लाइसानीची तर गोष्टच वेगळी. वासिती लाउ बेटांची, लाइसानी ठाकाउंड्रोवेची. या दोन मुलखांचे जुने देव एकमेकांचे नातलग, त्यामुळे माणसांना एकमेकांची टिंगल करायचा जन्मापासूनचा परवाना.

"आली बघा लाउची उपाशी माणसं!" छत्री दिसली की लाइसानी ओरडायची. "बेटावर नारळ संपले वाटतं?"

"नारळ आहेत गं, मासा धुवायला पाणी नाही तुमच्याकडे, असं ऐकलं. वास समुद्रापर्यंत आला."

"मग आज कोणता चोरणार?"

"हा मोठा." असं म्हणून वासिती खरंच एक मासा उचलायची, आणि लाइसानी काही बोलायची नाही, कारण परवान्यात तेही बसतं. पाहुण्यांना वाटायचं आता मारामारी होणार. मग दोघी पोट धरून हसायच्या आणि पाहुण्यांच्या जिवात जीव यायचा.

बाजार झाला की तुराकच्या चढावरून वाट नाइवी वस्तीकडे वळते. गल्लीच्या तोंडाशी सुखराजीची टपरी. तिची बटाट्याच्या भाजीची पोळी तव्यावरून हातात पडते ती इतकी गरम, की वासिती सांगायची, "थांबू नका, चालता चालता खा, गार झाली की अर्धी चव गेली." आणि पोळ्या चघळत सगळी वरात गल्लीत शिरायची.

ही गल्ली म्हणजे वासितीचं माहेर. पत्र्याची घरं, दारात चटया, केळीची झाडं. आणि जेवणाची वेळ असली की प्रत्येक दारातून एकच हाक, "माई काना!" जेवायला या. ओळखीचा असो, परका असो, पोलीस असो की वीजबिलवाला, दारावरून कुणी गेलं की जेवणाऱ्याने हाक मारायचीच. जाणाऱ्याने म्हणायचं, "विनाका, धन्यवाद, चालू द्या तुमचं," आणि पुढे जायचं. कुणी शिरत नाही. पण हाक चुकवायची नाही.

एकाच दारातून हाक येत नव्हती. आणि ते दार वासितीच्या आत्याचं होतं.

आई गेली तेव्हा वासिती हातभर होती. बापाची बहीण आकानिसी तिला होडीतून सुव्याला घेऊन आली आणि तिने स्वतःच्या ताटात जेवू घालून तिला वाढवलं. एकदा घरात एकच उकडलेला कसावा होता. दारावरून एक म्हातारा चालला होता. आत्याने हाक मारली, आणि तो म्हातारा बिचारा खरंच भुकेला, आत येऊन बसला. तो कसावा खाऊन गेला, आणि आत्या-भाची नुसत्या चहावर झोपल्या. छोट्या वासितीने रडत विचारलं होतं, "हाक कशाला मारलीस?" आत्या म्हणाली होती, "मग काय त्याच्या तोंडासमोर चावत बसायचं?"

तर अशी ही आत्या. वासितीने पाहुण्यांना घेऊन पहिल्यांदा गल्लीत पाऊल टाकलं, त्या दिवसापासून तिची हाक बंद. बोलणं बंद नव्हतं. बोलणं बंद असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. रविवारी चर्चमध्ये आत्या गालाला गाल लावायची, गुडघ्याचं दुखणं सांगायची. पण दुपारी वासिती दारावरून गेली की आत्या मान खाली घालून पुढ्यातला घास खात राहायची. एकटी गेली तरी तेच. ज्या दाराने अख्ख्या गावाला बोलावलं, ते तिच्यापुरतं मुकं झालं होतं.

वासितीने नाना तर्क केले. आत्याला फोटोंची लाज वाटत असेल, म्हणून तिने गल्लीत कॅमेरे बंद केले. गलका होत असेल, म्हणून माणसं कमी आणायला लागली. साबणाच्या वड्या नेऊन दिल्या, मासा नेऊन दिला. आत्याने सगळं टाळी वाजवून, रीतीने, मानाने घेतलं. हाक नाही ती नाहीच.

"विचार की सरळ," सुखराजी म्हणाली.

"विचारलं. म्हणते, काही नाही."

"मग नक्की काहीतरी आहे."

शेवटी वासितीने मनाशी ठरवलं. या शनिवारी आत्याने बोलावलं नाही, तर पुढच्या आठवड्यापासून गल्ली सोडायची. सरळ मोठ्या रस्त्याने जायचं. पाहुण्यांना काय, एका गल्लीने काय फरक पडतो? पण हे सुखराजीला सांगताना ती गल्लीच्या तोंडाकडेच बघत होती. वाटेवरचं बाकी सगळं तिने जमवलेलं होतं. ही गल्ली तेवढी तिची होती.

त्या शनिवारी पाहुण्यांत लेनर्ड नावाचा एक म्हातारा होता, मेलबर्नचा निवृत्त ट्रामचालक. उंच, हसरा, खायला वाघ. बायको ग्लेनिस सारखी त्याची बाही ओढायची, कारण शिकलेला प्रत्येक शब्द तो लगेच वापरून पाहायचा. बाजारात त्याने खांबालाही "तिलोउ" म्हटलं होतं.

गल्लीत हाका सुरू झाल्या तशी त्याने विचारलं, "हे सगळे काय ओरडतात?"

वासितीने सांगितलं.

"म्हणजे मला? ओळख ना पाळख, आणि मला जेवायला बोलावतात?"

"खाणाऱ्याने बोलवायचं असतं हो. समोर माणूस दिसला की बोलवायचं. आत मात्र जाऊ नका, लेनर्ड. नुसतं विनाका म्हणा."

लेनर्डने मान डोलावली आणि पुढच्या दाराला इतक्या जोरात विनाका म्हटलं की कोंबड्या उडाल्या. बाया हसल्या. वासिती हसली नाही. पुढचं दार आत्याचं होतं.

आत्या उंबऱ्यावर बसून कसावा सोलत होती. वासितीने वाकून नमस्काराचे शब्द म्हटले, आत्याने मान हलवली. बस, तेवढंच. वासितीने क्षणभर वाट पाहिली. मग छत्री सावरली. संपलं, असं तिला वाटलं; आणि पाय उचलला.

मागून आवाज आला, "माई काना!"

वासिती गर्रकन वळली. हाक आत्याची नव्हती. लेनर्ड रस्त्याच्या मध्यात उभा होता, गालात घास, आणि अर्धी खाल्लेली पोळी त्याने सरळ आत्यापुढे धरली होती.

"माई काना," तो पुन्हा म्हणाला. "बटाटा आहे. मस्त आहे."

वासितीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वस्तीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या बाईला उष्टी पोळी! तीही उभ्याने! शेजारच्या दारातल्या बाया तोंडाला हात लावून थिजल्या. ग्लेनिसने नवऱ्याची बाही इतकी ओढली की शिवण उसवली.

आत्याने सुरी खाली ठेवली. लेनर्डकडे पाहिलं. मग पोळीकडे पाहिलं. आत्याला इंग्रजी येत होतं, पण ते ती फक्त रागवायला वापरायची.

"उभ्याने खातोस, घोडा आहेस का तू?" ती म्हणाली. "इकडे बस."

लेनर्ड टोपी काखेत मारून, वाकून, चटईवर जाऊन बसला. मांडी काही घालता येईना, पाय बाहेर राहिले. आत्याने पोळीची न खाल्लेली बाजू मोडून घेतली आणि सावकाश चावली.

"मीठ कमी," ती म्हणाली. "सुखराजी म्हातारी झाली."

मग लेनर्डला पाठ थोपटल्यासारखी एक चापटी मारून ती वासितीकडे वळली आणि घरच्या बोलीत बोलायला लागली.

"इतके महिने तू माणसं आणतेस. सगळी तोंडं हलत असतात. माझ्या दारासमोरून चावत जातात, मी बघत बसते. मी भुकेली आहे की जेवलेली आहे, कुणी विचारलं? आज पहिल्यांदा कुणाच्या तरी तोंडातून शब्द निघाला."

"आत्या, त्यांना रीत माहीत नाही गं. परकी माणसं."

"त्यांच्यावर कोण रागावलंय? ती परकी आहेत." आत्याने बोट रोखलं. "तुझ्या हातात काय आहे, पोरी?"

वासितीने हाताकडे पाहिलं. पोळी होती. अर्धी खाल्लेली. दर शनिवारी असायची. पाहुण्यांना चालता चालता कसं खायचं ते दाखवायला ती सगळ्यांच्या पुढे खात जायची.

टोपी कशी काढायची ते तिने सांगितलं होतं, कसं वाकायचं ते सांगितलं होतं, ओझं कसं उचलायचं तेही. आणि आत्ताच, याच गल्लीत, लेनर्डला रीत समजावून सांगितली होती. इथे घोडं पेंड खात होतं. ज्या बाईने तिला आपल्या ताटात बसवून वाढवलं, तिच्या दारावरून ती स्वतः चावत गेली होती, आणि एकदाही म्हणाली नव्हती, ये.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही. पोळीचा हात तिने पुढे केला.

"आत्या," ती म्हणाली, "जेवायला ये."

"मी जेवतेच आहे की," आत्या म्हणाली. तिच्या तोंडात अजून लेनर्डचा घास होता. ती चटईवर सरकली, शेजारी जागा केली. "तूच ये. आणि त्यांनाही आण, उभी काय करतायत? कसावा उकडायला टाकते."

वासितीने छत्री मिटली, चपला काढल्या आणि आत गेली.

"रडतेस काय," आत्या म्हणाली, "आधी खा."