कॉम्प्युटरची पत्रिका

माझा पहिला कॉम्प्युटर भंगारात द्यायला काढला, झाकण उघडलं, तर जळक्या धुळीच्या ओळखीच्या वासासोबत आत चिकटवलेला, चार कोपऱ्यांना हळद लावलेला कागद दिसला. पंचवीसेक वर्षांपूर्वी बालाघाटला आमच्या घरी तान्ह्या पुतणीची पत्रिका मांडायला रामपायलीहून म्हातारे गुरुजी आले होते. पंचांग उघडून ते बोटांवर गणित करत होते, तेवढ्यात मी नव्या कॉम्प्युटरच्या घमेंडीत अख्खी पत्रिका छापून त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी तिच्यातलं घर न् घर ताडून पाहिलं, चष्मा काढला आणि पडद्याला हात जोडले. मला वाटलं, हरले. पण ते म्हणाले, "बाबू, याले पहिल्यांदा चालू कवा केलं? बरोबर वेळ सांग मले." मी सांगितली. मग दोन तास खपून त्यांनी हातानं त्या कॉम्प्युटरचीच पत्रिका मांडली. "काय निघालं, गुरुजी?" मी विचारलं. "आयुष्य कमी हाये याचं. पण संतती पाहून मलेच भेव लागून राह्यलं." तेव्हा मी पोट धरून हसलो होतो आणि गंमत म्हणून त्यांचा तो हळद लावलेला कागद कॉम्प्युटरच्या आत चिकटवला होता. आज त्या कागदाचा फोटो घ्यायला खिशातून फोन काढला, आणि हात तसाच थांबला.