दुसरा हात

ऑरिन ट्वेटनला रोना पेलेग्रिनी आवडत नसे आणि रोनाला ऑरिन. अ‍ॅग्नेस बे या सरोवराकाठच्या गावातल्या लेखक मेळाव्यात ही गोष्ट कुणापासून लपलेली नव्हती. मेळावा चालवणारी गेल ओस्टबी जेवणाच्या टेबलांवर नावांची कार्डे ठेवताना त्या दोघांच्या मध्ये निदान कॉफीची टाकी तरी येईल, असे बघायची.

जूनमध्ये कॉलेजची मुले घरी गेली की त्यांच्या खोल्यांत मेळाव्याचे शिक्षक उतरत. कविता शिकवणारे, संवाद शिकवणारे, छोट्या प्रकाशनांचे संपादक आणि न्यूयॉर्कहून आलेले एजंट. कादंबरी मोठ्या प्रकाशकाच्या दारात न्यायची तर एजंट लागतो. त्यामुळे फी भरून आलेले नवे लेखक शिक्षकांकडे बघून हसत आणि एजंटांच्या मागे धावत. रोना एजंट होती. ऑरिन संवाद शिकवायचा.

ऑरिन इथलाच. बाप लोहखनिजाच्या बोटींवर राबला. ऑरिनला बोट लागायची, म्हणून तो गावच्या रेडिओवर लागला. सकाळी वारा, लाटा आणि मग मृत्यूच्या बातम्या. मेलेल्याचे नाव कसे उच्चारायचे हे तो घरी फोन करून विचारून घेई. प्रत्येक बातमी आधी उभ्याने तीनदा वाचे आणि श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने खूण करी. गावात म्हणत, मरायचं तर ऑरिन रजेवर नसताना मरावं. पुढे स्टेशन विकले गेले. आवाज दुसऱ्या राज्यातून येऊ लागला आणि नावे चुकू लागली. ऑरिन घरी बसला. तेव्हा गेलने त्याला मेळाव्यात बोलावले, ते मुख्यतः शनिवारच्या बैठकीसाठी.

ती बैठक अशी. लोक आपल्या कादंबरीचे पहिले पान नाव न घालता एका पेटीत टाकत. शनिवारी सकाळी ऑरिन ती पाने एकेक करून सगळ्यांसमोर वाचे. स्टेजवर तिघे बसत: रोना, मिनियापोलिसचा संपादक टेड मोरावेट्स आणि गेल. ज्याला पुढे ऐकावेसे वाटणार नाही त्याने हात वर करायचा. दोन हात वर झाले की वाचन तिथेच बंद, शब्द अर्धा असला तरी. ज्याचा हात दुसरा, त्याने कारण सांगायचे. पान शेवटपर्यंत गेले तर लेखकाने उभे राहायचे आणि एजंटने त्याची पूर्ण कादंबरी मागवायची.

गेलचा हात कधीच वर जात नसे. "गेल फक्त मिठाची बाटली मागायला हात वर करते," असे टेड म्हणे. टेडचा स्वतःचा हात मात्र तिसऱ्या-चौथ्या ओळीला ठरलेला. म्हणजे सगळे काही दुसऱ्या हातावर, रोनाच्या हातावर येऊन थांबे.

त्या वर्षी शुक्रवारी दुपारी, जेवणाच्या रांगेत, ताटात हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेला बटाटा-खिम्याचा गोळा, पडत असताना रोनाने तोंड उघडले.

"गेल्या वर्षी तुझ्या आवाजात तीन पानं शेवटपर्यंत गेली. तिन्ही कादंबऱ्या मागवल्या. तिन्ही माझ्या टेबलावर येऊन मेल्या."

"नीट वाचायच्या होत्या."

"नीटच वाचल्या. कागदावर काहीच नव्हतं. जे होतं ते तुझ्या घशात होतं. तू भुशाला पॉलिश मारतोस, ऑरिन."

"मी कष्ट करतो. प्रत्येक पान तीनदा वाचून मग समोर येतो. तू काय करतेस? बसतेस, आणि बस थांबवायची असल्यासारखा हात करतेस."

"तो हात शिकायला माझं अर्धं आयुष्य गेलं."

"माझा कुत्रा एका आठवड्यात शिकला."

मागे कुणीतरी खुदकन हसले. रोनाने ताट खाली ठेवले.

"ठीक आहे. उद्या मी वाचते. तू बस माझ्या खुर्चीत. बघू तुझा हात किती वेळ मांडीवर राहतो."

"बसेन की."

"बस."

"अरे, पण कार्यक्रम छापून झालाय," गेल मध्ये पडली.

"असू दे!" दोघे एकदम म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचे एकमत झालेली ही एकच गोष्ट.

ऑरिनने निम्मे जेवण संपवले आणि मग काटा खाली ठेवला. पेटीत त्याचे स्वतःचे पान होते.

शिक्षकांनी पान टाकायचे नाही, असा नियम होता. तो मोडून ऑरिनने टाकले होते. बोटीवरच्या एका स्वयंपाकिणीवर त्याने कादंबरी लिहिली होती. स्टेशन गेले त्या हिवाळ्यात सुरू केली आणि कितीदा तरी पुन्हा लिहिली. बायको आयनेझ विणत बसे आणि तो तिला वाचून दाखवी. "वाच, मला झोप लवकर लागते," ती म्हणे. कादंबरी कागदावर कुणी वाचली नव्हती. ती नेहमी त्याच्या आवाजातच बाहेर आली होती. आणि त्याचा बेत तोच होता: पान त्याच्या आवाजात निघेल, टेड हात करील, रोनाचा हात मांडीवरच राहील. मग तो उभा राहील आणि सगळ्यांसमोर तिला त्याची कादंबरी मागावी लागेल. नियम मोडल्याची शिक्षा नंतर बघता आली असती. तिचे तोंड त्या क्षणी कसे होईल, हे त्याने दाढी करताना बऱ्याचदा पाहिले होते.

आता पान रोनाच्या तोंडी जाणार होते.

पेटी दाराजवळच्या टेबलावर होती. संध्याकाळच्या जेवणापर्यंत ती उघडीच असे. ऑरिन तिथे पोचला तर पेटीत कोपरापर्यंत हात घालून एक बाई उभी. डोरीन क्विस्ट, शाळेची बस चालवायची. त्याच्या संवादाच्या वर्गात पहिल्या रांगेत बसे.

"काय चाललंय?" त्याने विचारले.

"पान काढतेय, मिस्टर ट्वेटन. ती न्यूयॉर्कवाली वाचणार म्हणे. तुम्ही वाचणार म्हणून मी टाकलं होतं."

"टाकलेलं पान काढायचं नाही."

"ती माझं वाटोळं करील."

"पान चांगलं असेल तर करणार नाही. पोस्टाने पाठवशील तेव्हा मी काय पाकिटात बसून येणार आहे? हात बाहेर काढ."

डोरीनने हात बाहेर काढला. रिकामा. ती तिथेच उभी राहिली, तो जाईपर्यंत हलणार नाही अशी. ऑरिनने पेटीच्या फटीकडे पाहिले, डोरीनकडे पाहिले आणि पाठ वळवली. तिला जे सांगितले ते तिच्या समोर मोडायचे कसे? आणि ती गेल्यावर मोडायचे, हे त्याला त्याहून कमीपणाचे वाटले. पेटी संध्याकाळी गेल घेऊन गेली.

शनिवारी सभागृह भरले. भांडणाची बातमी रात्रीतून सगळ्या खोल्यांत फिरली होती. रोना माईकपाशी आली. तिने पाने एकदाही चाळली नव्हती, हे ऑरिनला तिच्या बोटांवरून कळले. चष्मा लावला आणि वाचू लागली.

ती विजेचे बिल वाचावे तशी वाचत होती. ना चढ, ना उतार. स्वल्पविराम आला तर थांबे, नाही आला तर दम लागेपर्यंत पुढे. ऑरिनला पहिल्यांदा राग आला. मग त्याला नवल वाटले. पान अगदी उघडे दिसत होते. कुठे शब्द जास्त आहेत, कुठे लेखकालाच पुढचे माहीत नाही, सगळे. टेडचा हात ठरल्या वेळी वर गेला. आणि पुढच्याच ओळीला ऑरिनचाही गेला.

"कारण?" रोनाने चष्म्यावरून विचारले.

"हवामान फार. माणूस येतच नाही."

"वा. कुत्रा शिकला."

सभागृह हसले. पुढच्या पानालाही त्याचा हात गेला. त्याच्या पुढच्याही. हात वर करताना ऑरिन माणसांच्या रांगांमध्ये बघे. ज्याचे पान असेल त्याचा चेहरा लगेच सापडतो. मान खाली जाते, किंवा ओठ आत जातात. त्याला वाटे, ज्याच्यावर हात केला त्याला निदान बघावे तरी.

मग एका पानात शाळेची बस आली. बर्फात रुतलेली, मागे मुले रडणारी. सुरुवात बरी होती. पण मग बस चालवणाऱ्या बाईला तिचे सगळे लहानपण आठवू लागले. टेडचा हात गेला. ऑरिन थांबला. आजी आली, आजीचे घर आले, घरातले पडदे आले. बस तिथेच बर्फात. ऑरिनचा हात वर गेला.

"कारण?"

"मुलं रडतायत आणि बाई पडदे बघतेय."

डोरीन तिसऱ्या रांगेत होती. तिने ओठ आत घेतले नाहीत. ती सरळ त्याच्याकडे बघत राहिली आणि तिची नजर शेवटी ऑरिननेच सोडली.

रोनाने पुढचे पान उचलले.

"सरोवर काळं होतं," तिने वाचले. "काळं, आणि थंड, आणि जुनं. बापांपेक्षा जुनं, बापांच्या बापांपेक्षा जुनं, आणि त्या दिवशी ते बोलत होतं, जसं ते नेहमी बोलतं, ज्यांना ऐकायचं असतं त्यांच्याशी."

ऑरिनच्या आवाजात त्या तीन 'जुनं'ना तीन पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीवर आयनेझच्या सुया थांबत. रोनाच्या आवाजात ते तीन सारखे दगड होते, एकावर एक पडलेले. टेडने हात वर केला.

"लोखंड ओझं असतं," रोना वाचत होती. "लोखंड आठवण असतं. लोखंड..."

आणखी दोन वाक्ये, ऑरिनला पाठ होती. दोन वाक्यांनंतर स्वयंपाकीण हिल्मा कप्तानाचे बूट भट्टीत ठेवते आणि दार लावून घेते. त्या बुटांवर कुणाचाही हात वर गेला नसता, हे तो आजही शपथेवर सांगेल. नुसते बसून राहायचे होते. गेलचा हात येणारच नव्हता. तो गप्प बसला असता तर कुणाला काही कळले नसते.

पण त्याला कंटाळा आला होता. खरा, साधा कंटाळा, दुसऱ्याच्या पानाचा यावा तसा. माणूस येत नव्हता. डोरीनचे पडदे आणि हे लोखंड यांच्यात त्याला काही फरक सापडेना.

त्याने हात वर केला. रोना शब्दाच्या मध्येच थांबली.

"कारण?"

"ह्या माणसाला स्वतःचा आवाज फार आवडतो," ऑरिन म्हणाला.

सभागृह मोठ्याने हसले. टेडने टेबल वाजवले. रोना हसली नाही. तिने पानावर पुढे नजर फिरवली, मग ऑरिनकडे पाहिले, आणि पान बाजूला ठेवले.

बैठक संपल्यावर ती कॉफीच्या टाकीपाशी आली.

"ते सरोवर तुझं."

"कोण म्हणतं?"

"सगळ्यांच्या पानाला हात करताना तू लेखक शोधत होतास. त्या पानाला शोधला नाहीस. टेबलाकडे बघत होतास."

ऑरिनने कपात साखर टाकली. तो साखर घेत नसे.

"माझ्यासमोर ते पान स्वतःच्या घशातून विकायचं, हा बेत होता तुझा," ती म्हणाली. "माझा हात बांधायचा होता तुला."

"मग मी गेलला काय सांगावं असं तुझं म्हणणं आहे?"

"तू काही सांगू नकोस. मी सांगितलंय."

गेल संध्याकाळी त्याच्या वर्गाच्या दारात आली. फळ्यापाशी जाऊन खडू इकडचा तिकडे करू लागली.

"नियम माझाच आहे, ऑरिन. तू पान टाकलंस आणि त्याच पानावर मत दिलंस."

"विरोधात दिलं."

"ते मला माहीत आहे. तरी."

"तरी काय ते सांग."

"पुढच्या वर्षी नको."

"बरं," ऑरिन म्हणाला. त्याने निळ्या पट्टीचे शिक्षकांचे ओळखपत्र गळ्यातून काढून तिच्या हातात दिले. ती आणखी काही बोलेल म्हणून थांबला नाही.

पुढच्या जूनमध्ये तो आला, इतरांसारखी फी भरून, हिरव्या पट्टीचे ओळखपत्र घालून. हिवाळाभर त्याने कादंबरी एकदाही मोठ्याने वाचली नव्हती. आयनेझने विचारलेदेखील, "घसा बसलाय का?" टेबलावर कागद ठेवून ओठ मिटून त्याने ती पहिल्यापासून कापली. काळे सरोवर गेले, बाप आणि बापांचे बाप गेले, लोखंड गेले. हे त्याला सोपे गेले नाही. दात काढल्यासारखी प्रत्येक ओळ ओढावी लागली. पान आता बुटांपासून सुरू होत होते.

वाचायला कॉलेजचा नाटकाचा मास्तर होता. आवाज बरा, पण नावे चुकवत होता. स्टेजवर टेड, गेल, आणि आपल्या खुर्चीत रोना. ऑरिनला जागा मिळाली ती डोरीन क्विस्टच्या शेजारी. तिने त्याच्याकडे पाहिले, पर्स दोघांच्या मध्ये ठेवली आणि समोर बघू लागली.

त्याचे पान निघाले. हिल्माने बूट भट्टीत ठेवले. सभागृहात कुणीतरी हसले. मास्तरने हिल्माला 'हेल्मा' केले. पानाच्या मध्यावर टेडचा हात गेला, इतक्या उशिरा तो क्वचितच जाई. रोनाचा हात मांडीवर होता. ऑरिनने डोळे तिच्या हातावरून काढले नाहीत. एक ओळ गेली. दुसरी गेली. तिसऱ्या ओळीत हिल्मा खिडकीपाशी जाऊन बर्फ बघू लागली, आणि रोनाचा हात वर गेला.

"बूट चांगले होते," ती माईकमध्ये म्हणाली. "पण मग ही बाई खिडकीबाहेर बघायला लागली. भट्टीत बूट जळतायत. वास येत नाही का तिला?"

ऑरिनला ते तिथल्या तिथे पटले, आणि म्हणूनच तिचा पूर्वीपेक्षा जास्त राग आला. त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि कार्यक्रमपत्रिकेच्या कडेला लिहिले: वास.

डोरीनने वाकून ते वाचले.

"तुमचं होतं?"

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि पर्समधून गोळी काढून चघळू लागली.