आमच्या फुटपाथचे ब्लॉक कुणाच्या अंगणात?

मंडळी, आज सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितोय.

कर्वेनगरात आमच्या सोसायटीसमोरच्या फुटपाथचे ब्लॉक गेल्या आठवड्यात उखडले. चांगले धडधाकट होते. मुकादमाला विचारलं, "अहो, हे जुने कुठे जाणार?" तो म्हणाला, "काका, राडारोडा आहे, टाकून देणार."

त्या ब्लॉकवर मी स्वतः लाल ऑइलपेंटनं लिहिलं होतं, 'येथे गाडी लावू नये'. एकेका ब्लॉकवर एकेक शब्द. लोक आमच्या गेटसमोरच गाड्या लावायचे, काय करणार?

आज कामावर जाताना रस्ता खणलेला, म्हणून आतल्या गल्लीतून स्कूटर घातली. एका नव्या बंगल्यापाशी थबकलो. पार्किंग नवंकोरं, ब्लॉक मात्र ओळखीचे. एका कोपऱ्यात लाल 'गाडी', पलीकडे 'नये', तेही उलटं. अक्षर माझंच!

बंगला कुणाचा, कोण जाणे. रीतसर विकत घेतले असतील, असं मनाला सांगून पाहिलं. मन हसलं.

अख्खा जन्म कंपनीत लेथवर उभा राहिलो. पगार हातात पडायच्या आधीच टॅक्स कापला जातो. वर मिळकतकर मुदतीआधी भरणारा आमच्या सोसायटीतला मी पहिला.

असा विचार करत उभा होतो, तेवढ्यात तिथला वॉचमन खेकसला, "ओ काका, इथे गाडी लावू नका!"

वाक्यही माझंच आणि ब्लॉकही माझेच.

तुमच्या फुटपाथचे जुने ब्लॉक कुठे गेले, बघितलंत का कधी?