अण्णाची ‘हँड’ची डबी

सातवीच्या वर्गावर होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, “अक्का, घरून निरोप आलाय.” बसवनगुडीला अण्णाच्या घरी पोहोचले तेव्हा त्याला खाली घेतलं होतं. वहिनी म्हणाल्या, “चहा मागितला आणि घ्यायला उठलेच नाहीत...” माझा थोरला भाऊ गेला त्याला आज सात आठवडे झाले.

बेळगावाहून तो एकोणीसशे पन्नासच्या सुमारास इथे, या कानडी शहरात आला आणि एका सरकारी कारखान्याच्या स्टोअर्समध्ये कारकून म्हणून चिकटला. कारखान्यातले आपले लोक साहेबासमोर उगाच मान हलवतात, हे त्याला सहन होईना. त्यांच्यासाठी इंग्रजी बोलण्यातल्या लकबींचा मराठी कोश करायचा, असं त्यानं ठरवलं. पण माणूस भारी हट्टी. डिक्शनरीतून एक ओळ उचलायची नाही, स्वतःच्या कानांनी जे ऐकलं तेच लिहायचं, हा त्याचा नियम. रविवारी कँटोन्मेंटात जाऊन शिंप्याच्या, बेकरीवाल्याच्या दुकानात तासभर उभा राहायचा. “साहेब, घ्यायचंय काय?” असं विचारलं की एक पाव घेऊन यायचा. आम्ही त्या पावाला कोशाचा पाव म्हणत असू. जुन्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या पाठीवर तो वाक्य, अर्थ आणि कोण बोललं ते लिहायचा. माझं अक्षर चांगलं, म्हणून स्वच्छ प्रत मी करायची.

एकट्या ‘हँड’च्या चिठ्ठ्यांनी बिस्किटांची एक डबी भरली. घड्याळाचा काटा हँड, पत्त्यांचा डाव हँड, मुरलेला माणूस ओल्ड हँड. ‘हँड टू माउथ’ला ‘हातावर पोट’ हे इतकं चपखल बसलं की त्या दिवशी तो दोन घास जास्त जेवला. फोरमननं एकदा आणखी चार ‘हँड्स’ मागितले, तेव्हा मात्र संतापून घरी आला. “माणसं नकोत त्याला, नुसते हात हवेत!” म्हणाला. पण चिठ्ठी लिहिलीच.

त्याचा श्रीधर घटसर्पानं गेला, तीन वर्षांचा. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले होते, “इट इज आउट ऑफ माय हँड्स नाऊ.” तेराव्यानंतर अण्णानं तेही वाक्य माझ्यापुढे ठेवलं. “अण्णा, हेसुद्धा?” मी ओरडलेच. “ऐकलं ना मी,” तो म्हणाला. “नियम माझाच आहे.” मी रडत रडत प्रत केली. अर्थ लिहिला होता : आता इलाज नाही.

मग प्रस्तावनेसाठी तो सगळ्या डब्या आणि माझी प्रत इथल्या आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांकडे घेऊन गेला. निवृत्त प्राध्यापक, मोठा दबदबा. “आठवडाभर राहू द्या,” म्हणाले. दोन वर्षं झाली. अण्णा दर रविवारी जायचा, चहा पिऊन परत यायचा. “विचारलंस का?” म्हटलं की, “वडीलधाऱ्या माणसाला कसं विचारायचं गं?” याच दोन वर्षांत प्राध्यापकांनी शब्द टाकला आणि मला शाळेत नोकरी लागली.

एक दिवस शाळेच्या पत्त्यावर पुस्तक आलं. वर प्राध्यापकांचं नाव, आत माझ्यासाठी आशीर्वाद. मी ‘हँड’चं पान काढलं. डॉक्टरांचं वाक्य तिथं होतं, पुढे ‘आता इलाज नाही’. एक अक्षर बदलण्याचीही तसदी त्या माणसानं घेतली नव्हती. माझ्या पुतण्याचं मरण उदाहरण म्हणून छापून विकायला काढलं होतं.

अण्णाला ते अव्हेन्यू रोडवरच्या पुस्तकांच्या दुकानात दिसलं. तो माझ्याकडे आला, बसलासुद्धा नाही. “सगळी प्रत तुझ्या अक्षरात होती. मंडळाच्या कमिटीपुढे एवढंच सांगशील?”

“अण्णा, माझी नोकरी अजून कायम झालेली नाही रे...”

तो कानडीत “सरी”, म्हणजे ‘बरं’, म्हणाला आणि चप्पल घालून निघाला. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नाही, आणि एकही चिठ्ठी लिहिली नाही. रविवारी घरीच बसायचा.

मंडळाच्या शोकसभेत प्राध्यापकच अध्यक्ष. “कोशाच्या कामी त्यांची किरकोळ मदत झाली,” असं त्यांनी मोठ्या मनानं सांगितलं. मग मला बोलायला उभं केलं. मी अण्णाच्या शिस्तीबद्दल बोलले, त्याच्या पावाची गंमत सांगितली, लोक हसले. शेवटी अध्यक्षांचे आभार मानले. हो, मानले. जिभेला हाड नसतं.

घरी आल्यावर वहिनींनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. इंग्रजी त्यांना येत नाही. पण अण्णानं त्यांना सारं सांगितलं होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

“वन्सं,” त्या म्हणाल्या, “आता तर नोकरी कायम आहे ना?”

त्याचं उत्तर आज देते. तो कोश माझ्या भावाचा आहे. प्रत माझ्या हातची होती. हे एवढं सांगायला मी तो मरेपर्यंत थांबले.